पिरंगुटचा शुक्रवार आणि युरोपातले परके

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणावर 26 जणांना गोळ्या घालून मारण्यात आलं. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. तिघे डोंबिवलीचे, एक पनवेलचे आणि दोघे पुण्याचे. धर्म विचारून गोळ्या घातल्या, असं जिवंत परतलेल्यांनी सांगितलं, तेव्हा पुणे जिल्ह्यातलं घर न्‌ घर हादरलं. मरण पावलेल्यांत एक स्थानिक घोडेवालाही होता. सय्यद आदिल हुसैन शाह त्याचं नाव. पर्यटकांना वाचवायला तो पुढे झाला होता.

पुढच्याच महिन्यात मुळशी तालुक्यातल्या घोटवडे आणि पिरंगुट ग्रामपंचायतींनी ठरवलं, की गावच्या मशिदीत नमाजाला फक्त गावातल्या मुसलमानांनी यावं, बाहेरच्यांनी येऊ नये. तसे फलकही लागले. कारण दिलं गेलं सुरक्षिततेचं. बैसरन मुळशीपासून दीड हजार किलोमीटरहून लांब आहे. मारेकऱ्यांना इथल्या कुणी पाहिलेलं नव्हतं आणि इथं मजुरीला आलेल्यांचाही त्यांच्याशी काही संबंध नव्हता. तरीही तिथल्या हत्याकांडाची किंमत इथल्या माणसानं कशी मोजली, हे नीट समजून घ्यायला हवं. युरोपात हे गेली वीसेक वर्षं पुन्हापुन्हा घडलं आहे आणि तिथं त्याचा अभ्यासही झाला आहे. म्हणून मुळशीचं बोलताना लंडन, पॅरिस, माग्डेबुर्गकडे जावं लागेल.

आधी मुळशीत बाहेरचा म्हणजे कोण, ते पाहू. चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम मागे टाकले आणि घाट उतरला की पिरंगुट लागतं. एके काळी इथं भातखाचरं होती. आता पिरंगुट, उरवडे, भरे, घोटवडे फाटा या पट्ट्यात लहानमोठे कारखाने आणि गोदामं आहेत. लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिसचं विद्यापीठ आहे आणि तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी-माणचं राजीव गांधी आयटी पार्क. जमिनी विकल्यावर उरलेल्या तुकड्यावर अनेकांनी पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि भाड्यानं दिल्या. त्या खोल्यांत बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, पश्चिम बंगाल, ओडिशातली माणसं राहतात, तशीच मराठवाडा-विदर्भातलीही राहतात. एका खोलीत चार-पाच जण, भाडं वाटून. आधार कार्डावर गावाकडचा पत्ता असतो. इथला पत्ता बहुतेकांच्या कुठल्याच कागदावर नसतो.

गावातले मुसलमान वेगळे. पुणे जिल्ह्याच्या गावगाड्यात मुलाणी, तांबोळी, अत्तार ही घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. त्यांच्या लग्नाला गाव जातो आणि गावच्या जत्रेत ती घरं असतात. ठरावानंही त्यांना अडवलं नाही. ज्याला अडवलं तो मुसलमानही होता आणि बाहेरचाही होता. यातली एकच गोष्ट असती तर त्याला कुणी हटकलं नसतं. त्याच्या शेजारच्या खोलीतला बिहारी हिंदू कामगार संध्याकाळी गावच्या मारुतीला जाऊ शकतो, आरतीला उभा राहू शकतो, त्याला कुणी गाव विचारत नाही. दोघं एकाच गाडीनं पुण्याला आलेले असतात आणि एकाच ठेकेदाराकडे राबत असतात. गावाच्या दृष्टीनं अनोळखी दोघंही तितकेच आहेत. ठराव खरोखर अनोळखी माणसांबद्दल असता तर तो दोघांनाही लागू झाला असता.

या बंदीचं वजन बाहेरून कळत नाही. जुम्याची, म्हणजे शुक्रवारची, नमाज खोलीवर एकट्यानं होत नाही. ती जमातीनं, दुपारी, खुतबा म्हणजे प्रवचन ऐकून पढायची असते. जेवणाच्या सुट्टीत जाऊन परत यायचं तर मशीद जवळच असावी लागते. गावातली मशीद बंद झाली की बस धरून शहराकडे जायचं, चांदणी चौकाच्या गर्दीतून जायचं आणि यायचं. म्हणजे शुक्रवारी अर्धा दिवस खाडा. रोजावर काम करणाऱ्याचा खाडा म्हणजे तेवढी मजुरी बुडाली, आणि दर शुक्रवारी खाडा करणारा माणूस ठेकेदार किती दिवस ठेवील? शिवाय मशिदीच्या ओट्यावर फक्त नमाज होत नसते. आपल्या जिल्ह्याचा कुणी तिथं भेटतो. कुठल्या कारखान्यात भरती आहे, कुणाची खोली रिकामी झाली, गावी कोण निघालंय, हे तिथं कळतं. परक्या मुलखात आलेल्या माणसाची ओळखपाळख जिथं होते ती जागाच त्याला बंद झाली.

गावकऱ्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पुण्यानं दहशतवाद पाहिला आहे. 13 फेब्रुवारी 2010 ला कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि 17 जण गेले. जुलै 2023 मध्ये कोथरूडमध्ये रात्रगस्तीवरच्या पोलिसांनी दुचाकी चोरीच्या संशयावरून काही तरुणांना हटकलं. एक पळाला, दोघे हाती लागले. चौकशीत निघालं, की दोघेही राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवे असलेले मध्य प्रदेशातल्या रतलामचे आरोपी आहेत आणि कोंढव्यात नाव लपवून राहत होते. बाहेरून आलेली माणसं, भाड्याची खोली, शेजाऱ्यांना पत्ता नाही. मुळशीतल्या ज्या घरमालकानं ही बातमी वाचली असेल, त्याला आपल्या चाळीतल्या अनोळखी चेहऱ्यांची काळजी वाटली असणारच. पण ते दोघे सापडले कसे, हेही त्याच बातमीत होतं. अंधारात गाडीशी खटपट करणाऱ्यांना गस्तीच्या शिपायांनी हटकलं, कारण त्यांची वागणूक संशयास्पद होती. धर्म किंवा गाव पाहून सगळ्या चाळी झाडत बसले असते तर त्या रात्री पोलीस दुसरीकडेच असते.

आता लंडन. 7 जुलै 2005 ला तिथं भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये आत्मघाती स्फोट झाले आणि 52 जणांचे जीव गेले. चार हल्लेखोरांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले होते. दोन आठवड्यांनी, 21 जुलैला, आणखी स्फोटांचा प्रयत्न फसला आणि हल्लेखोर निसटले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाँ शार्ल द मेनेझेस नावाचा 27 वर्षांचा ब्राझिलियन इलेक्ट्रिशियन कामावर निघाला. तो राहत होता त्या इमारतीवर पोलिसांची नजर होती, कारण एका संशयिताचा माग तिथपर्यंत लागला होता. मेनेझेस बसनं स्टॉकवेल स्थानकावर आला, फुकट मिळणारं वर्तमानपत्र उचललं, कार्ड लावून आत गेला आणि गाडीत जाऊन बसला. पोलिसांनी डब्यात शिरून त्याच्या डोक्यात सात गोळ्या घातल्या. सुरुवातीला सांगितलं गेलं, की त्यानं जाड कोट घातला होता आणि फाटकावरून उडी मारून तो पळाला. दोन्ही खोटं निघालं. अंगात साधं डेनिमचं जाकीट होतं. 2007 मध्ये लंडन पोलीस दलाला सुरक्षाविषयक कायद्याखाली दोषी ठरवून पावणेदोन लाख पौंड दंड झाला. कुठल्याही अधिकाऱ्यावर व्यक्तिशः खटला चालला नाही.

मेनेझेस मुसलमान नव्हता, आशियाईसुद्धा नव्हता. तरी एकदा नजर बदलली की माणसाच्या साध्या हालचालींचा अर्थही बदलतो. अशी टोकाची उदाहरणं कमी असतात. मोठा परिणाम असतो तो रोजच्या त्रासाचा, आणि तो वर्तमानपत्रात येत नाही. एमा हेन्स आणि स्टीफन मेचिन या अर्थशास्त्रज्ञांनी ब्रिटनमधल्या पोलीस नोंदी तपासून 2014 मध्ये दाखवलं, की 11 सप्टेंबर 2001 आणि 7 जुलै 2005 या दोन्ही हल्ल्यांनंतर आशियाई आणि अरब लोकांविरुद्धचे द्वेषगुन्हे लगेच वाढले. वाढ हळूहळू ओसरली, पण आकडा हल्ल्याआधीच्या पातळीवर परत आला नाही. हल्ल्याची आठवण पुसट झाल्यावरही थोडा द्वेष मागे उरलाच. स्वीडनमध्ये ओलोफ ओस्लुंड आणि डान-ओलोफ रूथ यांना मात्र वेगळं दिसलं. 2001 नंतर तिथं स्थलांतरितांबद्दलची मतं कडवट झाली, पण नोकऱ्या मिळण्यात त्यांच्याविरुद्ध भेदभाव वाढल्याचं आढळलं नाही. लोकांचं बोलणं बिघडलं तरी संस्था आणि नियम जागेवर असले, तर नुकसान थोपवता येतं, असा मी त्याचा अर्थ लावते.

पॅरिसमधला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. लासाना बातिली हा पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातून वयाच्या सोळाव्या वर्षी फ्रान्सला आलेला मुलगा. नमाज पढणारा मुसलमान. पॅरिसच्या पूर्व भागातल्या एका ज्यू किराणा दुकानात, हायपर काशेरमध्ये, तो कामाला होता. 9 जानेवारी 2015, शुक्रवारची दुपार. दोनच दिवसांपूर्वी शार्ली एब्दो साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला झाला होता. त्या वेळी रस्त्यावर गोळी घातलेला पोलीस शिपाई अहमद मेराबे हा अल्जीरियन वंशाचा मुसलमान होता. आता एक सशस्त्र माणूस हायपर काशेरमध्ये घुसला. बातिली तळघरात माल लावत होता. घाबरलेली गिऱ्हाईकं जिन्यावरून खाली धावत आली. त्यानं त्यांना शीतगृहात घेतलं, गोठवणारं यंत्र बंद केलं, दिवे मालवले आणि आवाज करू नका म्हणून बजावलं. मालाच्या लिफ्टमधून निसटू या, असं त्यानं सुचवलं. आवाजाच्या भीतीनं कुणी तयार होईना, तेव्हा तो एकटाच वर गेला आणि बाहेर पडला.

बाहेर पोलिसांनी त्याला जमिनीवर पाडलं आणि हातकड्या घातल्या. काळा तरुण, त्या दुकानातून पळत बाहेर आलेला. तो हल्लेखोरांपैकीच असणार, असं त्यांनी धरलं. सुमारे दीड तास तो त्या हातकड्यांत होता. एका ओळखीच्या सहकाऱ्यानं सांगितल्यावर त्याला सोडलं. मग त्यानंच पोलिसांना दुकानाचा आतला नकाशा काढून दिला, कुठली खोली कुठं, जिना कुठं, लोक कुठं लपलेत ते. चार ओलीस आधीच मारले गेले होते. तळघरातले वाचले. 20 जानेवारीला फ्रान्सनं बातिलीला समारंभपूर्वक नागरिकत्व दिलं. त्यासाठीचा त्याचा अर्ज आदल्या वर्षापासूनच पडून होता.

एकाच दिवसात तो नोकर होता, संशयित झाला आणि शेवटी राष्ट्राचा नायक ठरला. नायक झाल्यावर त्याला कागद मिळाले हे चांगलंच झालं. पण फ्रान्समध्ये तेव्हा त्याच्यासारखे कायदा पाळून राहणारे, कर भरणारे, अर्ज केलेले लाखो लोक होते, ज्यांच्या वाट्याला असा प्रसंग आला नव्हता. त्यांनी आपली निष्ठा कुणासमोर आणि कशी सिद्ध करायची? त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला पॅरिसमध्ये 130 जण मारले गेले आणि आणीबाणी लागू झाली. ती 1 नोव्हेंबर 2017 पर्यंत चालली. न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय हजारो घरांच्या झडत्या झाल्या, बहुतेक मुसलमानांच्या. रात्री दार फोडून आत आलेल्या पोलिसांना काही सापडलं नाही, तरी सकाळी शेजाऱ्यांच्या डोळ्यांत जे दिसतं ते कुठला अधिकारी परत दुरुस्त करून देत नाही.

आपल्याकडे अनेकांना वाटतं, की युरोपातला हा त्रास मुसलमानांपुरता आहे, आपल्या हिंजवडीहून गेलेल्या इंजिनिअरला त्याचं काय? 20 डिसेंबर 2024 ला जर्मनीच्या माग्डेबुर्ग शहरात नाताळच्या बाजारात एकानं गर्दीत मोटार घातली. सहा जण मरण पावले, शेकडो जखमी झाले. जखमींत सात भारतीय असल्याचं आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं. या शहरातल्या विद्यापीठात भारतीय विद्यार्थी बरेच आहेत. हल्लेखोर मूळचा सौदी अरेबियाचा डॉक्टर होता आणि तो इस्लामचा उघड द्वेष करणारा होता. तरी पुढच्या दिवसांत माग्डेबुर्गमध्ये परदेशी दिसणाऱ्या माणसांना रस्त्यात शिवीगाळ, धक्काबुक्की, थुंकणं असे प्रकार वाढले, असं स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संघटनेनं नोंदवलं. मारेकऱ्याचा विचार काय होता हे कुणी विचारलं नाही. बाजारात गाडीखाली आलेल्यांतले काही आणि दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये ज्यांच्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं गेलं ते, रंगानं एकसारखेच होते.

ब्रिटनमध्ये 29 जुलै 2024 ला साउथपोर्टला तीन लहान मुलींची चाकूनं हत्या झाली. मारेकरी नुकताच होडीतून आलेला मुसलमान निर्वासित आहे, अशी अफवा काही तासांत पसरली. तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता, आईबाप रवांडाचे. तरी दुसऱ्या दिवशी मशिदीवर दगड पडले. पुढे निर्वासित राहत असलेल्या हॉटेलांना आग लावण्याचे प्रयत्न झाले. संडरलंडमध्ये दोन फिलिपिनो नर्सा तातडीच्या बोलावण्यावरून टॅक्सीनं रुग्णालयात निघाल्या होत्या, त्यांच्या टॅक्सीवर दगडफेक झाली. दंगलीत जखमी झालेल्यांना मलमपट्टी करायला रुग्णालयात माणसं लागतात आणि ती माणसं कुठून आलेली असतात, याचा विचार दगड उचलणाऱ्या हातानं केला नाही.

हिंजवडीत काम करणाऱ्या आणि ऑनसाइट म्हणून फ्रँकफुर्ट, ॲमस्टरडॅम, लंडनला गेलेल्या मराठी मुलामुलींचे आईवडील अशा बातम्या आल्या की घाबरेघुबरे होऊन फोन करतात. बाहेर जाऊ नको, रात्रीची ट्रेन टाळ, जेवढ्यास तेवढं बोल. मुळशी तालुक्याची ही विलक्षण स्थिती आहे. एका टोकाला तो युरोपात परके पाठवतो आणि दुसऱ्या टोकाला देशभरातले परके सांभाळतो. हिंजवडीतली आई जे मुलाला फोनवर सांगते, तेच बिहारातल्या पूर्णियाची किंवा बंगालमधल्या मालद्याची आई पिरंगुटच्या खोलीतल्या मुलाला सांगत असते.

आणि मुलं ऐकतात. इथंच दीर्घकाळचं नुकसान सुरू होतं. एरिक गूल्ड आणि एस्तेबान क्लोर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मुसलमान स्थलांतरितांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध केला. 2001 नंतर ज्या राज्यांत मुसलमानांविरुद्धचे द्वेषगुन्हे जास्त वाढले, तिथं पुढच्या वर्षांत मुसलमानांची आपसातली लग्नं वाढली, बायकांचं नोकरीला जाणं कमी झालं, इंग्रजीवरची पकडही सैल राहिली. माणसं आपल्या वस्तीत, आपल्या घरात मागे सरली. मग तेच लोक म्हणतात, हे आमच्यात मिसळत नाहीत. ज्यांना ढकलून कोपऱ्यात नेलं त्यांच्यावर कोपऱ्यात बसल्याचा आरोप होतो.

सुरक्षिततेच्या बाजूनं पाहिलं तरी हे घातकच आहे. वस्तीत कुणी विचित्र वागू लागला, परका माणूस येऊन चिथावणी देऊ लागला, तर ते पहिल्यांदा वस्तीतल्यांना कळतं. ती माहिती पोलिसांपर्यंत यायची तर पोलिसांकडे जायला भीती वाटता कामा नये. ज्याला वाटतं की चौकीत गेलो तर आधी माझेच कागद पाहतील, तो तोंड उघडत नाही.

दहशतवादी संघटनांना हे चांगलं ठाऊक असतं. इस्लामिक स्टेटच्या दाबिक या मासिकानं फेब्रुवारी 2015 मध्ये, हायपर काशेरच्या हल्ल्यानंतर सुमारे महिन्याभरानं, उघडपणे लिहिलं होतं, की पाश्चात्त्य देशांत सलोख्यानं राहणाऱ्या मुसलमानांची मधली जागा त्यांना नष्ट करायची आहे. हल्ले करायचे, म्हणजे तिथला समाज मुसलमानांवर चिडेल. मग त्या मुसलमानांपुढे दोनच रस्ते उरतील, धर्म सोडा किंवा आमच्याकडे या. बातिली त्यांच्या दृष्टीनं ज्यूंच्या दुकानात काम करणारा गद्दार होता. त्याच्यासारख्यांचं जगणं अशक्य करणं हा हल्ल्याच्या आखणीचाच भाग होता, आणि ते काम हल्लेखोरांच्या वतीनं दुसऱ्यांनी करावं अशी अपेक्षा होती.

पहलगामबद्दल आपल्या सरकारनंही नेमकं हेच सांगितलं. 7 मे 2025 ला, ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री म्हणाले, की जम्मू-काश्मीरमध्ये आणि उर्वरित देशात धार्मिक तेढ भडकवणं हाही त्या हल्ल्याचा हेतू होता. त्याआधी, 1 मेला, बैसरनमध्ये मारल्या गेलेल्या तरुण नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीनं सांगितलं होतं, की तिला न्याय हवा आहे, पण लोकांनी मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागावं असं तिला वाटत नाही. लग्न होऊन काही दिवसच झाले होते. समाजमाध्यमांवर तिच्यावर इतकी चिखलफेक झाली, की राष्ट्रीय महिला आयोगाला निषेध करावा लागला. ज्या बाईचं सर्वस्व गेलं तिचं ऐकायची लोकांची तयारी नव्हती, हे मला आजही सहन होत नाही.

मुळशीत गोष्ट मशिदीपुरती राहिली नाही. 2 मेला पौडमध्ये अन्नपूर्णादेवीच्या मूर्तीची विटंबना झाल्याची तक्रार आली. पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटकही केली. कायद्याचं काम तिथं सुरू झालं होतं. पण पाठोपाठ मुसलमान व्यावसायिकांवर बहिष्काराची हवा तयार झाली. बेकऱ्या, भंगाराची दुकानं अशा धंद्यांना कुलपं लागली. पीयूसीएल आणि एपीसीआर या नागरी हक्क संघटनांच्या लोकांनी जुलैत पौड-पिरंगुट भागात जाऊन पाहणी केली आणि पुणे ग्रामीण पोलिसांकडे दाद मागितली. एका आरोपीच्या कृत्याची भरपाई सकाळी पाव भाजणाऱ्यानं करायची, हा न्याय कुठल्या पुस्तकात आहे?

त्याच सुमारास महाराष्ट्रात बांगलादेशी शोधण्याची मोहीम जोरात होती. जूनमध्ये मुंबई-ठाण्याच्या भागात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेवर नेऊन बांगलादेशात ढकलण्यात आलं. त्यांत मुर्शिदाबादचे गवंडी होते. घरच्यांनी कागद दाखवले, पश्चिम बंगाल सरकारनं धावपळ केली, सीमा सुरक्षा दलाची पलीकडच्या दलाशी बैठक झाली, आणि ते भारतीय असल्याचं मान्य करून त्यांना परत आणलं. बंगाली बोलणं, लुंगी नेसणं आणि मुसलमान असणं एवढ्यावर एका भारतीय नागरिकाला रात्री शेतातून दुसऱ्या देशात चालत जायला लावलं. मेनेझेसच्या इमारतीवर पोलिसांची नजर होती; इथं भाषाच पुरली.

यातून बाहेर काढणारं काय असतं, याचाही अंदाज अभ्यासातून येतो. 12 ऑक्टोबर 2002 ला इंडोनेशियातल्या बालीमध्ये स्फोट होऊन 202 जण मेले. नेमकं त्याच दिवसांत युरोपात एक मोठं जनमत सर्वेक्षण चालू होतं. योशा लेगेवी या समाजशास्त्रज्ञानं स्फोटाआधी आणि नंतर मुलाखत दिलेल्यांची उत्तरं ताडून पाहिली. काही देशांत स्थलांतरितांबद्दलचं मत एकदम बिघडलं, काहींत जवळजवळ ढळलं नाही. फरक दोन गोष्टींनी पडत होता. आसपास रोजगार किती आहे, आणि स्थलांतरितांशी माणसाचा प्रत्यक्ष परिचय किती आहे.

हे आपल्याकडेही दिसतं. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेल्यावर यवतमाळमध्ये काश्मिरी विद्यार्थ्यांना काही कार्यकर्त्यांनी मारहाण केली. 22 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांना काश्मिरींच्या संरक्षणाचे आदेश द्यावे लागले. त्याच महाराष्ट्रात, पुण्यात, संजय नहार यांच्या सरहद संस्थेनं वर्षानुवर्षं काश्मिरी मुलांना शिकवलं आहे. दहशतवादात घर गमावलेली मुलं धनकवडी-कात्रज परिसरात मराठी मुलांबरोबर वाढली, मराठी बोलू लागली. ज्यांच्या वर्गात ती बसली, ज्यांच्या घरी दिवाळीत फराळाला गेली, त्यांना काश्मिरी म्हटल्यावर बातमीतला चेहरा आठवत नाही. घोटवड्याच्या ठरावानं गावच्या मुलाण्याला बंदीतून वगळलं, तेही त्याच कारणानं. तो माहीत होता.

पिरंगुटच्या चाळीतला माणूस गावाला माहीत का नाही? याचं उत्तर धर्मात शोधण्याआधी ठेकेदाराच्या वहीत शोधावं. परराज्यातून कामगार आणणाऱ्या ठेकेदारानं परवाना घ्यावा, प्रत्येक कामगाराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं, त्याची माहिती सरकारकडे नोंदवावी, हा कायदा आपल्याकडे 1979 पासून होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायलाही घरमालकाला रोज सांगितलं जातं. हे नियम मनापासून पाळले असते, तर तालुक्यात कोण कुठून आला आणि कुणाकडे राबतो याची यादी पौडच्या तालुका कचेरीत आज असती. यादी नाही, कारण ती केली की किमान वेतन, विमा, भविष्य निर्वाह निधी सगळंच द्यावं लागतं. आणि सुरक्षिततेचंच बोलायचं, तर 7 जून 2021 ला उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात आग लागून 17 कामगार जळून गेले, बहुतेक स्त्रिया. मृतदेह ओळखायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. मुळशीत कामगारांच्या जिवावर उठलेली अलीकडची सर्वांत मोठी आपत्ती ती होती.

म्हणून ग्रामसभेत सुरक्षिततेचा विषय पुन्हा निघालाच, तर मागण्या सरळ आहेत. हद्दीतल्या प्रत्येक कारखान्यानं कंत्राटी कामगारांची यादी ग्रामपंचायतीला आणि पोलिसांना द्यावी, धर्म न पाहता. प्रत्येक चाळमालकानं भाडेकरू नोंदवावेत. नोंदवलेल्या माणसाला गावातलं देऊळ, मशीद, रेशन दुकान, दवाखाना सगळं खुलं असावं. शुक्रवारी मशिदीबाहेर वाहनांची गर्दी होत असेल तर दोन वेळा जमात लावता येते. युरोपातल्या अनेक शहरांत जागा कमी पडते म्हणून तसंच करतात. आणि ज्याच्या वागण्याचा संशय येईल त्याच्याबद्दल पोलिसांना एक फोन करावा. कोथरूडच्या त्या रात्रीही वागणूक पाहूनच काम झालं होतं.